उतारावरचं रान, काजूची बाग आणि मातीतला कार्बन: रत्नागिरीतल्या एका सामाईक जमिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्व भागातलं, सह्याद्रीच्या उतारावर वसलेल्या एका वाडीतलं आहे. गाव किंवा घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

जमीन साधारण पाच एकर, तीन भावांच्या नावावर, सातबारा सामाईक. थोरले भाऊ गावात राहतात. मधले आणि धाकटे मुंबईत, गणपती आणि शिमग्याला येणारे. मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मधल्या भावाचा मुलगा गावी आला आणि राहिला. मुंबईतली नोकरी गेली होती, हातात वेळ होता आणि अंगात उमेद होती. इथून पुढे त्याला पुतण्या म्हणतो.

या जमिनीचे वरून खाली तीन पट्टे आहेत. सगळ्यात वर दोनेक एकर रान: ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, हिरडा, खाली अंजनीची दाटी. याच रानात एका लहानशा व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, उगम आहे आणि खालच्या दहा-बारा घरांचं मार्चपर्यंतचं पाणी त्याच्यावर चालतं. मधला पट्टा वरकस, म्हणजे नाचणी-वरीसारख्या पिकांची हलकी डोंगरउताराची जमीन. आजोबांच्या काळात तिथे पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग हरीक किंवा कारळे आणि त्यानंतर काही वर्षं जमीन पडीक, असा फेरा चाले. घरातली माणसं मुंबईला गेली, रानडुकरांनी उरलंसुरलं खाल्लं आणि वीसेक वर्षांपूर्वी नाचणी बंद झाली. आता तिथे गवत, रानमोडीचं तण आणि राबाला (भाताच्या रोपांचे वाफे भाजायला) कवळ, म्हणजे पालेदार फांद्या, तोडून तोडून ठेंगणे झालेले ऐन आहेत. खालचा एकरभर तुकडा म्हणजे जुनी काजूची बाग, १९९० नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून लावलेली, रायवळ (बियांपासून वाढवलेल्या, कलम नसलेल्या) झाडांची.

रत्नागिरीत सरकारी राखीव जंगल फारच थोडं आहे. डोंगरावर जे हिरवं दिसतं ते बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतं. त्यामुळे इथल्या डोंगराच्या मातीचं काय होणार याचा निर्णय घराच्या ओटीवर होतो. या घरातही वरचं रान दर दहा-बारा वर्षांनी ठेकेदाराला विकलं जायचं. कुऱ्हाड चालायची, लाकूड खाली यायचं, पण खोडं जमिनीत राहायची. पहिल्याच पावसात ऐनाला आणि किंजळीला धुमारे फुटायचे आणि पाच-सहा वर्षांत पुन्हा सावली धरायची. या तोडीमुळे झाडांतला कार्बन जातो, यात वाद नाही. मातीतला मात्र बराचसा जागेवर राहतो, कारण मुळं जिवंत असतात आणि माती उघडी पडते ती एक-दोन पावसाळेच. पुढचं सगळं प्रकरण या फरकावर उभं आहे.

अडचण काय होती

२०२०च्या दिवाळीनंतर ठेकेदार आला तो नवा सौदा घेऊन. वरचं रान आणि मधलं वरकस दोन्ही त्याने घ्यायचं. त्या बदल्यात जेसीबी लावून खोडं मुळासकट काढायची, उतारावर बेंच (पायऱ्यांसारखे सपाट टप्पे) पाडायचे आणि जमीन काजू लागवडीला तयार करून द्यायची. लाकडाचे पैसे वर वेगळे. पुतण्याच्या दृष्टीने यात खोट नव्हती. वेंगुर्ला-७ची कलमं लावायची, चार वर्षांत उत्पन्न सुरू. शेजारच्या डोंगरावर असंच काम चालू होतं आणि तिथला मालक खूश होता.

थोरल्या भावांचा विरोध व्हाळासाठी होता. "वरचं रान गेलं की व्हाळ गेला," एवढंच ते म्हणत. पुतण्याचं उत्तर तयार होतं: "काका, काजू पण झाडंच आहेत ना? रान काढून झाडंच लावतोय आपण."

त्याच सुमाराला तालुक्याच्या गावी एका कंपनीचा माणूस फिरत होता. नवी झाडं लावा, मातीत कार्बन वाढेल, त्याचे क्रेडिट (साठवलेल्या कार्बनची विकता येणारी प्रमाणपत्रं) विकून दरवर्षी पैसे मिळतील, असं तो सांगत होता. पुतण्याला वाटलं, बाग होणार, वर कार्बनचे पैसे, मग अडायचं कशाला? तो आमच्याकडे आला तो हा हिशेब तपासून घ्यायला. आम्ही काही जण या भागात माती आणि पाण्याच्या कामात शेतकऱ्यांना मदत करतो. त्याने सोबत तीन मृदा आरोग्य पत्रिका आणल्या होत्या, रानाची, वरकसाची आणि जुन्या काजूची. तिन्हींवर सेंद्रिय कर्बापुढे, म्हणजे मातीतल्या सेंद्रिय कार्बनपुढे, एकच शेरा होता: अत्यंत जास्त.

त्याचा प्रश्न सरळ होता. "तिन्ही ठिकाणची माती सारखीच चांगली आहे. रान काढल्याने मातीचं काही बिघडत नाही, हे कार्डच सांगतंय. मग काकांना काय सांगू?"

कार्डावरचा शेरा आणि जमिनीतला साठा

महाराष्ट्रातल्या माती परीक्षणाच्या वर्गवारीत सेंद्रिय कर्ब १ टक्क्याच्या वर गेला की अत्यंत जास्त हा शेवटचा वर्ग लागतो. अर्धा टक्काही जिथे कष्टाने टिकतो अशा देशावरच्या जमिनींना ही पट्टी ठीक आहे. साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या, पालापाचोळ्याने भरलेल्या कोकणच्या डोंगरावर १ टक्का ही सुरुवात असते. इथल्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असतात, ती सेंद्रिय पदार्थ घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे रानात मातीने निम्मा कार्बन गमावला तरी शेरा बदलेलच असं नाही. पत्रिका खत किती घालायचं हे सांगण्यासाठी आहे आणि त्या कामी ती उपयोगाची आहे. जमिनीचा वापर बदलल्याने काय गमावलं, हे तिला विचारलं तर तिच्याकडे उत्तर नसतं.

दुसरी गोष्ट दगडांची. प्रयोगशाळेत माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. खडे, मुरूम, जांभ्याचे तुकडे वर राहतात आणि फेकले जातात. जो आकडा येतो तो चाळलेल्या मातीचा. उतारावर मात्र कितीतरी ठिकाणी जमिनीचा मोठा भाग खड्यांचाच असतो.

पुतण्याला हे कागदावर मांडून दाखवलं. समजा कर्ब २ टक्के आहे, घनमीटरभर मातीचं वजन १.१ टन आहे आणि आपण वरचे १५ सेंटिमीटर धरले. हेक्टरी कार्बन झाला ३३ टन. त्याच जमिनीत आकारमानाने ४० टक्के खडे असले तर उरतात जेमतेम २० टन. पत्रिकेवर दोन्हीकडे २ टक्केच छापून येणार. वरची माती धुपून खडे उघडे पडत जातात तसा साठा कमी होत जातो आणि टक्केवारी फारशी हलत नाही. हे त्याला पटकन कळलं, कारण नांगरताना फाळाला दगड कुठे जास्त लागतो, हे त्याने लहानपणी वरकसात पाहिलेलं होतं.

मग प्रत्यक्ष खणून पाहिलं. रानात पातेरा (गळलेला पाला) बाजूला केला की खाली अर्धवट कुजलेला थर, त्यात बुरशीचे पांढरे धागे, आणि त्याखाली हातात घेतल्यावर रव्यासारखी सुटणारी काळपट माती. कुदळ तीन-चार घावांत वीतभर खाली गेली आणि प्रत्येक ढेकळात केसासारखी बारीक मुळं लोंबत होती. वरकसात वरची चार-पाच बोटं काळसर, पुढे एकदम तांबडं. जुन्या काजूखाली पानांचा थर जाड होता पण कडक, नीट न कुजलेला, आणि खालची माती वरकसापेक्षा थोडी बरी. शेवटी शेजारच्या डोंगरावर गेलो, नुकत्याच पाडलेल्या बेंचवर. तिथे पृष्ठभागच तांबडा होता, खडे वर आलेले, कुदळीचा घाव परत उसळत होता. वरची काळी माती बेंचच्या बाहेरच्या कडेला ढकललेली, सैल ढिगाने पडलेली होती.

थोरले भाऊ तो ढीग बराच वेळ पाहत होते. पुतण्या काही बोलला नाही.

समोरचे पर्याय

आम्ही घरच्यांबरोबर बसून चार पर्याय मांडले. धाकटे भाऊ मुंबईहून फोनवर होते.

पहिला ठेकेदाराचा. खिशातून पैसा जायचा नाही, चार एकर एकदम बागेखाली, हा मोठा फायदा. तोटा मातीचा. काजू पण झाडंच, या म्हणण्याला २०११ साली प्रसिद्ध झालेला एक आढावा आडवा येतो. उष्ण कटिबंधातल्या ३८५ अभ्यासांच्या त्या आढाव्यात मूळ जंगल काढून हंगामी शेती केली तिथे मातीतला कार्बन सरासरी २५ टक्क्यांनी घटलेला दिसला आणि बारमाही पिकं लावली तिथे ३० टक्क्यांनी. म्हणजे झाडं लावूनही घट शेतीइतकीच किंवा थोडी जास्तच. हे जगभरच्या जमिनींचे सरासरी आकडे आहेत, या डोंगराला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण झाडाच्या जागी झाड लावलं की मातीचा हिशेब चुकता होतो, हा समज त्यातून नक्की मोडतो. बागेत पहिली चार-पाच वर्षं दोन झाडांमधली जमीन उघडीच असते, पालापाचोळा कमी पडतो आणि तणनाशक मारलं तर गवताची मुळंही जातात.

दुसरा पर्याय काहीच न करण्याचा. थोरल्यांना तो मान्य होता. पण मधला पट्टा तसाच ठेवला तर रानमोडी वाढत राहणार, दर उन्हाळ्यात वणव्याची भीती, आणि पुतण्या पुन्हा मुंबईला जाणार. रान राखायला गावात माणूस राहिला पाहिजे, हे थोरले भाऊही मानत होते.

तिसरा म्हणजे मधल्या पट्ट्यात बांध घालून पुन्हा नाचणी-वरी. मला स्वतःला हा पर्याय आवडायचा, आणि त्याच आढाव्यात शेतजमीन पडीक ठेवल्यावर कार्बन भरून येतो असंही दिसतं, म्हणजे आजोबांच्या फेऱ्यात तथ्य होतं. पण तो फेरा चालायला पुष्कळ जमीन आणि पुष्कळ हात लागतात. दोन एकरांत एका माणसाने रानडुकरं आणि वानरं राखत नाचणी करणं जमणारं नव्हतं. तो पर्याय लवकरच बाजूला पडला.

चौथा मधला मार्ग. वरच्या रानाला यंत्र लावायचं नाही. काजू फक्त वरकसात, तोही खड्ड्यांत, खोडं न उपटता.

कार्बन क्रेडिटची आशाही इथेच निकालात काढावी लागली. कार्बन क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या व्हेरा या संस्थेच्या मानकानुसार प्रकल्प सुरू होण्याआधीच्या दहा वर्षांत नैसर्गिक परिसंस्था साफ केलेली असेल तर ती जमीन क्रेडिटला पात्र धरत नाहीत. रान तोडून झाडं लावायची आणि त्या झाडांवर कार्बनचे पैसे घ्यायचे, हे होऊच नये म्हणून हा नियम आहे. शिवाय चार-पाच एकरांचा हिशेब, मोजणी आणि पडताळणी कुणालाच परवडत नाही. पुतण्याने कंपनीच्या माणसाला फोनवर या नियमाबद्दल विचारलं. त्यानंतर तो माणूस वाडीत आला नाही.

निर्णय कुठे अडला, कुठे सुटला

माती दाखवल्यावर पुतण्या चौथ्या पर्यायाकडे वळला होता. तरी जवळजवळ दोन महिने निर्णय झाला नाही आणि त्याचं कारण मातीत नव्हतं. मुंबईतल्या दोन्ही भावांना लाकडाचे पैसे हवे होते. मधल्यांच्या डोक्यावर खोलीचं कर्ज होतं. आपण रान राखा म्हणतो तेव्हा तीन हिस्सेदारांपैकी दोघांना त्या रानातून पुढची कित्येक वर्षं काहीच मिळणार नसतं, हे सोयीने विसरतो. थोरल्यांना व्हाळाचं पाणी मिळतं, पुतण्याला बाग मिळते, मुंबईच्या भावांना काय मिळतं?

कोंडी फुटली ती तीन गोष्टींनी. पहिली, वरच्या रानातली ठरावीक झाडं जुन्या पद्धतीने, कुऱ्हाडीने, रीतसर परवानगी काढून विकायची आणि ते पैसे दोन मुंबईकर भावांत वाटायचे. व्हाळाच्या दोन्ही अंगांची आणि तीव्र चढावरची झाडं त्यातून वगळायची. वगळायच्या झाडांना थोरल्यांनी स्वतः चुन्याचे पट्टे ओढले. दुसरी, लागवडीला भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अर्ज करायचा. तिचं अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळतं, त्यामुळे जेसीबी फुकट मिळण्याचं आकर्षण कमी झालं. सामाईक सातबाऱ्यामुळे इतर खातेदारांचं संमतिपत्र लागणार होतं. ते मिळवण्याच्या निमित्ताने तिघे भाऊ पहिल्यांदा एकत्र बसले. तिसरी, काजूच्या उत्पन्नात कुणाचा किती वाटा, हे साध्या कागदावर लिहून सह्या झाल्या.

निवडक तोडीने कार्बन गेला नाही असं मी म्हणणार नाही. लाकडातला गेलाच. ही तडजोड होती आणि डोळे उघडे ठेवून केलेली होती. तोडीनंतरही खोडं आणि मुळं राहतील, पातेरा पडत राहील, उतार उघडा पडणार नाही, एवढं आम्ही धरून बसलो. ठेकेदाराने यंत्राचा आग्रह धरला तेव्हा थोरल्यांनी सौदा दुसऱ्याला दिला. दुसऱ्याचा भाव कमी होता.

काय केलं

एप्रिल-मे २०२१ मध्ये वरकसात समपातळी रेषा आखून साठ सेंटिमीटरचे खड्डे घेतले. रेषा आखायला इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट आणि ओळंबा पुरला. खड्ड्याची वरची काळी माती एका बाजूला, खालची तांबडी दुसऱ्या बाजूला ठेवायची आणि भरताना काळी माती शेणखतासोबत मुळांशी घालायची, ही शिस्त पुतण्याने शेवटच्या खड्ड्यापर्यंत पाळली. खड्ड्याच्या खालच्या अंगाला तिथलेच दगड रचून अर्धचंद्र केला. ठेंगणे ऐन जिथे ओळीत आडवे आले नाहीत तिथे ठेवले. ओळींच्या मधलं गवत मुळासकट काढलं नाही. जुने पडके गडगे (दगडी बांध) दोन ठिकाणी पुन्हा रचले. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या खोवल्या.

तणनाशकावरून मात्र खरी घासाघीस झाली. बेणणीला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत, हा पुतण्याचा मुद्दा खोडून काढता येण्यासारखा नव्हता. शेवटी त्याने ग्रास कटर घेतला. गणपतीनंतर गवत कापायचं आणि कापलेलं तिथेच पसरायचं. कलमांच्या बुंध्याशी आच्छादन घातलं की वाळवी लागते, ही वाडीतली तक्रार खरी आहे, म्हणून बुंध्यापासून हातभर जागा मोकळी ठेवून भोवती गवताचं कडं केलं.

रानात, वरकसात आणि जुन्या काजूत लोखंडी खुंट्या ठोकून नमुन्यांच्या जागा पक्क्या केल्या. या वेळी ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थर घेतले, ठरावीक आकाराचं लोखंडी कडं ठोकून मातीचं घनफळ धरलं, आणि खडे वेगळे करून त्यांचं वजन केलं. जगाचा विचार केला तर वरच्या मीटरभर मातीत सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे आणि त्यातला निम्म्याच्या आसपास पहिल्या ३० सेंटिमीटरमध्ये. म्हणून निदान तिथपर्यंत तरी जायलाच हवं.

जुलै २०२१

कलमं लावून महिनाही झाला नव्हता तोच २१ आणि २२ जुलैची अतिवृष्टी आली. चिपळूण बुडालं, महाड तालुक्यातलं तळिये आणि खेड तालुक्यातलं पोसरे इथे दरडींखाली माणसं गेली. या वाडीत जीवितहानी झाली नाही. रस्ता मात्र खचला होता आणि आम्हाला तिथे पोचायला ऑगस्ट उजाडला.

मधल्या पट्ट्यात काही अर्धचंद्र वाहून गेले होते, काही खड्डे मातीने बुजून कलमं गाडली गेली होती. गवत असलेल्या पट्ट्यांत माती अडून बसली होती, बोटबोटभर उंचीची, बारीक, काळपट. शेजारच्या बेंचवर वेगळं चित्र होतं. कडेला ढकललेला सैल ढीग जवळजवळ पूर्ण खाली गेला होता, तीन ठिकाणी माणूस उभा राहील एवढ्या घळी पडल्या होत्या आणि खालच्या भातखाचरात तांबडा गाळ पसरला होता. त्या खाचरांचा मालक तिसराच, त्याचं त्या वर्षीचं भात गेलं.

या एका पावसावरून सिद्धांत मांडू नये. इतका पाऊस रानातल्या उतारालाही कधीकधी झेपत नाही, त्या आठवड्यात सह्याद्रीत दाट झाडीचे उतारही कोसळले. पण धुपीचा साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली तर ती साधारण ११ टन होते आणि २ टक्के कर्ब धरला तर तिच्यासोबत २२० किलो कार्बन जातो. पाणी नेताना आधी हलकं नेतं, आणि मातीतला हलका भाग म्हणजेच सेंद्रिय भाग, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्त जातो. वाहून गेलेला सगळाच कार्बन हवेत जात नाही, काही गाळात गाडला जाऊन टिकतो. तरी ज्या जमिनीत तो होता तिचा तो कायमचा गेला.

पुढे काय झालं

गाडलेली आणि मेलेली कलमं २०२२च्या जूनमध्ये पुन्हा लावली. मार्च २०२३ मध्ये रस्त्याकडून वणवा आला आणि वरकसाचा एक कोपरा जळाला. कापून पसरलेलं गवत तिथे आगीला सरपण झालं. ज्या आच्छादनाने पावसाळ्यात माती धरली त्यानेच उन्हाळ्यात आग नेली. त्या कोपऱ्यातली कलमं हातची गेली. पुढच्या वर्षापासून डिसेंबरातच बागेच्या कडेने सहा-सात पावलं रुंद जाळरेषा काढायला सुरुवात झाली आणि रस्त्यालगतच्या दोन ओळींत आच्छादन ठेवणं बंद केलं.

वरच्या रानात तोडलेल्या खोडांना चांगले धुमारे आले. व्हाळ मार्चअखेरपर्यंत चालतो. पण आधीच्या वर्षांची नोंद नसल्याने आणि पाऊस दरवर्षी वेगळा असल्याने, रान राखल्यामुळे पाणी टिकलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. धाकट्या भावाने २०२३ मध्ये आपल्या हिश्श्याची म्हणून रानाची दक्षिणेकडची कड वेगळ्या ठेकेदाराला दिली. तिथली बरीच झाडं गेली. यंत्र मात्र आत येऊ दिलं नाही, तेवढा शब्द त्यांनी पाळला.

२०२५च्या मे महिन्यात खुंट्यांपाशी पुन्हा नमुने घेतले. रानात साठा तसाच. जुन्या काजूत तसाच. मधल्या पट्ट्यात, जिथे एवढी मेहनत झाली, तिथेही वाढ दाखवता आली नाही. एकाच वेळी चार पावलांवर घेतलेल्या दोन नमुन्यांत जेवढा फरक असतो, तेवढाच चार वर्षांतला फरक होता. पुतण्या हिरमुसला. त्याला मी जे सांगितलं ते माझं या प्रकरणाबद्दलचं ठाम मत आहे: या उतारावर चार वर्षांत कार्बन वाढवणं हे ध्येयच नव्हतं. तो घालवायचा नव्हता. बेंच पाडले असते तर त्याच चार वर्षांत झालेली घट मोजायला कड्याची आणि चाळणीची गरजही पडली नसती, ती खालच्या खाचरात दिसली असती. मातीत कार्बन साठायला दशकं लागतात आणि जायला एक पावसाळा पुरतो. हे दोन वेग सारखे धरले की हिशेब चुकतो. कार्बन वाढवून देतो म्हणणारे आपल्याला पहिला वेग विकत असतात आणि दुसऱ्याबद्दल बोलत नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

मुंबईच्या भावांशी पैशाचं बोलणं पहिल्या आठवड्यात करायला हवं. इथे आधी माती झाली आणि मग हिस्से. मधल्या काळात पहिल्या ठेकेदाराने मुंबईला परस्पर फोन करून दोन्ही भावांना मोठे आकडे सांगून ठेवले होते. सामाईक जमिनीत गावात राहणाऱ्याला माती पटली म्हणून निर्णय होत नाही. धाकट्या भावाच्या हिश्श्याची जी कड गेली ती बहुधा इथेच हरली. त्यांच्या वाट्याला एकदाच पैसे आले, दरवर्षीचं काही आलं नाही. खालच्या जुन्या काजूच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा पहिल्या वर्षापासून त्यांना लावून दिला असता तर कदाचित वेगळं घडलं असतं.

तुलनेसाठी जागा निवडताना उताराचा विचार हवा. रान वर, वरकस मध्ये आणि काजू खाली अशी मांडणी कोकणात सर्रास असते आणि त्यामुळे फसगत होते. खालच्या काजूत कार्बन बरा दिसतो, त्यात वरून वाहत आलेल्या मातीचा वाटा असू शकतो. काजूमुळे माती सुधारली, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. खरी तुलना करायची तर शेजारच्या डोंगरावर त्याच उंचीचं, त्याच उताराचं रान शोधून तिथेही खुंट्या ठोकायला हव्यात. बेंच पाडलेल्या जमिनीच्या मालकाकडे नमुन्यांची परवानगी काम सुरू होण्याआधी मागितली असती तर आज हातात आधीचा आणि नंतरचा आकडा असता. घळी पडल्यावर त्यांनी नकार दिला आणि त्यांचा नकार समजण्यासारखा आहे.

आच्छादनाचा निर्णय लागवडीच्या दिवशीच वणव्याच्या नकाशासोबत घ्यायचा. आग कुठल्या बाजूने येते हे वाडीतल्या कुणालाही विचारलं तर सांगता येतं: रस्ता, स्मशान आणि गुरं चरायची जागा. त्या बाजूंना गवत कापून बाहेर न्यायचं, आतल्या ओळींना पसरायचं.

राबाचा प्रश्न या घराने सोडवलेला नाही. खालच्या भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, अजूनही कवळ तोडलं जातं आणि भाजावळ होते. तरवा भाजल्याने वाफ्याच्या मातीचं काय होतं यावर चर्चा बरीच होते. माझ्या मते मोठा प्रश्न कवळ जिथून येतं त्या उताराचा आहे, कारण तिथल्या मातीवर पडायचा पाला दरवर्षी खाली नेऊन जाळला जातो. गिरिपुष्प आता कमरेच्या वर गेलं आहे. येत्या हंगामात एक वाफा न भाजता, गिरिपुष्पाचा पाला आणि शेणखत घालून करून पाहायला थोरले भाऊ तयार झाले आहेत. बाकीचे वाफे ते भाजणारच आहेत.

पुढचे नमुने २०३१ मध्ये, त्याच खुंट्यांपाशी, त्याच महिन्यात. त्याआधी मोजण्यात अर्थ नाही, हे पुतण्याने मान्य केलं आहे. खुंट्यांच्या जागांचा कागद सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लावून ठेवला आहे.